सज्ञान कोण, आणि कोणत्या कामापुरता?

मा. अध्यक्ष व सदस्य,
भारताचा विधी आयोग, नवी दिल्ली, यांस



आपला आयोग कायदा करणारा नव्हे, तो कसा असावा याची शिफारस करणारा आहे, आणि ती शिफारस स्वीकारण्याचे किंवा दप्तरी दाखल करून विसरून जाण्याचे संपूर्ण स्वातंत्र्य सरकारला आहे, हे जिल्हा न्यायालयाच्या आवारात आयुष्य घालविलेल्या माझ्यासारख्या वकिलास ठाऊक नाही असे नाही. तरीही हे पत्र कायदामंत्र्यांना न लिहिता आपणांस लिहीत आहे. कारण वयाच्या अटींविषयी या देशात जे थोडे सुसंगत बोलले गेले ते आपल्याच अहवालांत सापडते, आणि जे विसंगत राहून गेले त्याचाही बराचसा भाग तेथेच.

वकिली सोडल्यावर मी अधूनमधून एका विधी महाविद्यालयात शिकवावयास जातो. सज्ञानतेचा विषय चालला असता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सरकारच्या हिशेबी आम्ही नक्की कितव्या वर्षी मोठे होतो?" वर्ग हसला, पण उत्तर देण्यात तो सबंध तास गेला आणि तरीही ते पुरे झाले नाही. त्या प्रश्नामागे केवळ चौकसपणा नव्हता. आज विशीत असलेल्या पिढीच्या बोलण्यात राजकारणाविषयी जो एक कडवट त्रागा पदोपदी जाणवतो, त्याचे एक मूळ या प्रश्नात आहे, असे माझे मत आहे.

१८७५च्या सज्ञानता अधिनियमाप्रमाणे अठरावे वर्ष पूर्ण झाले की माणूस सज्ञान होतो. करार करतो, जमीन विकतो, कर्ज काढतो, आणि फेडले नाही तर त्याच्यावर दावाही लागतो. पण आमच्याकडे सातबाऱ्याच्या उताऱ्यावर काय घडते ते पाहावे. बाप वारला की वारसांची नोंद होते आणि अज्ञान मुलाच्या नावाबरोबर आईचे किंवा चुलत्याचे नाव 'अ. पा. क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, या शेऱ्यासह चढते. मुलगा अठरा वर्षांचा झाला म्हणून तो शेरा आपोआप गळून पडत नाही; वयाचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा लागतो, फेरफार धरावा लागतो, मंडळ अधिकाऱ्याने तो मंजूर करावा लागतो. स्वतःची मुले शाळेत जाऊ लागलेल्या खातेदारांच्या नावापुढेही हा शेरा मी पाहिलेला आहे. राज्यसंस्थेच्या दफ्तरी आजच्या तरुणाचे स्थान बरेचसे असेच आहे: शेतसारा भरताना तो मालक, आणि निर्णय घ्यावयाची वेळ आली की अज्ञान.

वयाच्या अटींतील सर्वांत गमतीचा, आणि ज्यांच्यावर तो बेततो त्यांना मुळीच गमतीचा न वाटणारा, प्रकार विवाहाच्या वयाचा होय. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात 'बालक' म्हणजे एकवीस वर्षे पूर्ण न केलेला पुरुष आणि अठरा वर्षे पूर्ण न केलेली स्त्री, अशी व्याख्या आहे. म्हणजे मतदान करणारा, मोटार चालविणारा, आपल्या नावावरील शेत विकू शकणारा वीस वर्षांचा तरुण या कायद्याच्या लेखी बालक. त्याच कायद्याचे नववे कलम मात्र अठरा वर्षांवरील सज्ञान पुरुषाने बालविवाह केल्यास त्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी फर्मावते. एकोणीस वर्षांच्या मुलाने वीस वर्षांच्या मुलीशी लग्न केले तर तो दुसऱ्या कलमाने संरक्षण द्यावयाचे बालक ठरतो आणि नवव्या कलमाच्या शब्दशः वाचनाने तुरुंगात टाकावयाचा सज्ञान पुरुषही ठरतो. आणि हे वाचन खरे नव्हे, कायद्याचा हेतू अशा मुलाला शिक्षा करण्याचा नाही, हे सांगावयास २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाला लेखणी उचलावी लागली. त्याआधी एक वर्ष केरळमधील एका दाव्यात त्याच न्यायालयाने म्हटले होते की, मुलगा एकवीस वर्षांचा नसला तरी दोघेही सज्ञान आहेत, सबब विवाहावाचूनही एकत्र राहण्याचा त्यांना अधिकार आहे. दोन्ही निकाल योग्य आहेत. पण त्यांचा एकत्रित परिणाम असा की, वीस वर्षांच्या मुलाने एखाद्या मुलीबरोबर बिऱ्हाड थाटावे, त्यास कायद्याची हरकत नाही. त्याने तिच्याशी रीतसर लग्न लावावे म्हटले की तो पुन्हा बालक होतो. विवाहसंस्थेच्या रक्षणाची चिंता अहोरात्र वाहणाऱ्या आमच्या संसदेस हे अभिप्रेत होते काय, हे तिला कधी कोणी विचारलेले दिसत नाही.

आपल्या आयोगाने २००८च्या २०५व्या अहवालात दोघांसाठीही अठरा वर्षे असावीत असे सुचविले. २०१८च्या कौटुंबिक कायद्यावरील विचारपत्रात तेच पुन्हा सांगितले, आणि कारणही नेमके दिले: ज्यांना सरकार निवडण्याइतकी समज आहे असे आपण मानतो त्यांना जोडीदार निवडण्याइतकी नाही, असे म्हणता येणार नाही. यावर सरकारने काय केले? २०२१च्या डिसेंबरात मुलींचेच वय एकवीस करण्याचे विधेयक आणले. समानता साधावयाची तर मुलांना खाली आणावे, की मुलींना वर चढवावे, या प्रश्नाचे आयोगाने दिलेले उत्तर असे उलटे करण्यात आले. विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि २०२४ साली सतरावी लोकसभा विसर्जित होताच व्यपगत झाले. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे या धास्तीने चौदाव्या-पंधराव्या वर्षी तिचे लग्न उरकून टाकतात. तेथे अठराचा आकडाच पोचलेला नाही, एकविसाचा पोचून काय होणार होते, हा प्रश्न त्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेच्या बाहेरच राहिला.

आता शिक्षेकडे वळतो. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतील अमानुष गुन्ह्यातील अल्पवयीन आरोपी तीन वर्षांनी, २० डिसेंबर २०१५ रोजी सुटला आणि २२ डिसेंबरला राज्यसभेने बालन्यायाचे नवे विधेयक संमत केले. त्याअन्वये घोर अपराध करणाऱ्या सोळा ते अठरा वयाच्या मुलाची समज तपासून त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालविता येतो. लोकक्षोभ समजण्यासारखा होता. परंतु त्या क्षोभात संमत झालेल्या कायद्यात जी कल्पना रूढ झाली ती ध्यानात घेण्याजोगी आहे. सोळाव्या वर्षी आपल्या कृत्याचे परिणाम उमगण्याची कुवत व्यक्तीगणिक वेगळी असते, सबब ती तपासून पाहावी, हे राज्यसंस्थेने शिक्षेच्या बाबतीत मान्य केले. अधिकाराच्या बाबतीत अशी तपासणी कोठेही नाही.

शिवाय वय हे पुराव्याने व पैशाने लवचीक होते, अशी तरुणांची समजूत होत चालली आहे. मे २०२४मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात, मद्यगृहातून निघालेल्या एका अल्पवयीन मुलाच्या महागड्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले आणि जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा अवघ्या महाराष्ट्रात संताप उसळला. त्या प्रकरणाचा निवाडा न्यायासनाचे काम आहे, मी त्यात शिरत नाही. पण माझ्या वर्गातील मुले जे म्हणाली ते नोंदवितो: "त्याच्या जागी एखादा रिक्षावाल्याचा पोर असता तर त्याला निबंध कोणी दिला असता?" या प्रश्नाला माझ्याजवळ प्रामाणिक उत्तर नव्हते.

हीच विसंगती लष्करभरतीत: किमान वय साडेसतरा. जून २०२२च्या अग्निपथ योजनेप्रमाणे त्या वयाचा मुलगा चार वर्षांसाठी सैन्यात जातो. तो गणवेशात असला तरी पहिले सहा महिने मतदार नसतो. २०२३च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक असल्याने, भ्रमणध्वनीवरील एखाद्या सेवेस आपली माहिती द्यावयाची तर त्याने आईबापांची संमती आणावी, अशी त्या कायद्याची अपेक्षा! चार वर्षे पुरी होऊन, चारांतील तिघांप्रमाणे, तो सेवेतून मोकळा होतो तेव्हा साडेएकवीस वर्षांचा असतो. सैन्यातून परतलेल्या या इसमास आपल्या तालुक्यातून विधानसभेची उमेदवारी करावयाची झाल्यास आणखी साडेतीन वर्षे थांबावे लागते.

कारण राज्यघटनेने लोकसभेसाठी व विधानसभेसाठी पंचवीस वर्षांची अट घातली आहे. लोकसभेची अट मुळात मसुद्यात नव्हती. मे १९४९मध्ये ती घटना समितीत आली. सदस्याला जगाच्या व्यवहाराचा काही अनुभव असावा, हा त्यामागील विचार होता आणि तो आंबेडकरांसारख्या पुरुषाने मांडलेला असल्याने हसण्यावारी नेण्यासारखा खचितच नाही. पण त्याच चर्चेत वरिष्ठ सभागृहासाठीची प्रस्तावित पस्तीसची अट तीसवर आणावी अशी दुरुस्ती दुर्गाबाईंनी, म्हणजे पुढे चिंतामणराव देशमुखांच्या पत्नी म्हणून महाराष्ट्राच्या स्नुषा झालेल्या दुर्गाबाईंनी, सुचविली आणि ती मान्य झाली. शहाणपण वयावर अवलंबून नसते, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. म्हणजे आकडा तेव्हाही शिलालेखासारखा अढळ नव्हता; युक्तिवादाने पाच वर्षे खाली आला होता. मतदानाचा आकडाही एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९पासून, एकवीसवरून अठरावर आला. (ज्यांनी ही दुरुस्ती आणली त्या राजीव गांधींच्या पक्षाचे बहुमत त्याच वर्षीच्या निवडणुकीत गेले. तरुणांना मत दिले म्हणजे तरुणांचे मत मिळते असे नाही, हा धडा नंतरच्या सर्व पक्षांनी फार मनावर घेतलेला दिसतो.)

त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतीत आणि नगरपालिकेत उभे राहण्यास एकविसावे वर्ष पुरेसे ठरविले. त्याचा परिणाम असा की, डिसेंबर २०२०मध्ये तिरुअनंतपुरमसारख्या राजधानीच्या शहराच्या महापौरपदी आर्या राजेंद्रन एकविसाव्या वर्षी विराजमान झाल्या, आणि पुढच्याच एप्रिलमध्ये झालेल्या केरळ विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज भरण्यास त्या कायद्याने अपात्र होत्या. लाखोंच्या शहराचे अंदाजपत्रक पाहावयास जी समज चालते ती विधानसभेच्या मागच्या बाकावर बसावयास का चालू नये, याचे समर्थन मी तरी आजवर ऐकलेले नाही. २०२३ साली संसदेच्या विधी व न्याय विषयक स्थायी समितीने ही उमेदवारीची अट अठरावर आणण्याची शिफारस केली. निवडणूक आयोगाने अठरा वर्षांच्या मुलांजवळ आवश्यक ती परिपक्वता व अनुभव असण्याची अपेक्षा वास्तवाला धरून नाही, असे सांगून समितीपुढे आधीच विरोध नोंदविला होता. कोणत्या पाहणीवरून? परिपक्वता हे कारण ग्राह्य धरावयाचे, तर ज्यांच्या मतांवर हा सगळा डोलारा उभा आहे त्या १८-१९ वर्षांच्या सुमारे १ कोटी ८० लाख मतदारांची नावे २०२४च्या यादीत तरी कोणत्या परिपक्वतेवर घातली?

आणि पंचवीस वर्षांची अट प्रत्यक्षात कोणाला अडवते, हेही पाहावे. २०२४च्या लोकसभेत पंचवीस वर्षांचे जे चार सदस्य निवडून आले त्यांतील तिघे पुढाऱ्यांची अपत्ये आहेत. आमच्या तासगाव-कवठेमहांकाळचे तरुण आमदार त्याच वर्षी पंचविशीत विधानसभेत गेले, तेही माजी गृहमंत्र्यांचे चिरंजीव. यात त्यांचा काही दोष आहे असे मी म्हणत नाही; घराण्याची पुण्याई ज्याच्या पाठीशी आहे तो पंचविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी तिकीट घेऊन उभा असतो, ज्याला ती नाही त्याला शाळा, संस्था, चळवळ अशा पायऱ्यांनी चढावे लागते. आणि त्या पायऱ्या महाराष्ट्राने एकेक काढून टाकल्या आहेत. महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रतिनिधींच्या खुल्या निवडणुका गेली तीस वर्षे बंद आहेत. २०१६च्या विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा सुरू करण्याची तरतूद केली, ती कागदावरच राहिली. मुंबई व पुणे महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि मतदान झाले जानेवारी २०२६मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षे, आरक्षण व प्रभागरचनेच्या वादांत, प्रशासकांनी कारभार हाकला. २०२२ साली एकवीस वर्षांचा झालेला, नगरसेवक होण्याची हौस असलेला मुलगा वयाने पात्र होऊन पंचविशीत पोचला, तोवर त्याच्या शहरात निवडणूकच नव्हती. लोकशाहीवरचा विश्वास उडाला म्हणून या मुलांना दूषण देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

(महाराष्ट्रात बिअर पिण्याच्या परवान्यास एकवीस वर्षे लागतात, कडक मद्यासाठी पंचवीस. म्हणजे व्हिस्की आणि विधानसभा यांना लागणारी परिपक्वता आमच्या राज्यात एकच मानली आहे.)

वयाची खालची अट जशी जाचते तशी वरची त्याहून अधिक. पुण्याच्या सदाशिव व नवी पेठेतील अभ्यासिकांत 'वय निघून चाललंय' हे वाक्य इतक्या वेळा कानी पडते की, तो तेथला नमस्कारच वाटावा. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. जागा निघत नाहीत, निघाल्या तर परीक्षा पुढे जाते, झाली तर पेपर फुटल्याची तक्रार होते, निकाल लागला तर तो न्यायालयात अडकतो. या सर्व काळात उमेदवाराचे वय तेवढे थांबत नाही आणि एके दिवशी तो 'एज बार' होतो. सरकारने केलेल्या दिरंगाईची किंमत उमेदवाराच्या आयुष्यातून वसूल करण्याची ही रीत कोणत्या न्यायतत्त्वात बसते? राज्याचा कर्मचारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो, भरतीस वयाची कमाल मर्यादा असते. मंत्रिपदास मात्र अशी कोणतीही नाही, आणि असावी असे कोणत्याही मंत्र्याला अद्याप वाटलेले नाही.

सगळी वये एक करून टाकावीत, असे माझे म्हणणे नाही. मोटार हाकणे, मद्य पिणे, मत देणे आणि संमतीने शरीरसंबंध ठेवणे यांना लागणाऱ्या कुवती एक नाहीत. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीची बिनगिअरची दुचाकी आणि अठराव्या वर्षी मोटार, हा भेद कोणालाही समजतो, कारण त्यामागचे कारण उघड आहे. संमतीचे वय खाली आणू नये, या २०२३मधील आपल्या २८३व्या अहवालातील निष्कर्षाशी मी पूर्णतः सहमत नाही, पण तेथे निदान कारणे दिली आहेत, त्यांच्याशी वाद घालता येतो. बाकीच्या आकड्यांशी वाद घालावयाचा तर कोणाशी? सूत्र दिसते ते एवढेच की, राज्यास तरुणाकडून काही घ्यावयाचे असेल तेथे तो लवकर मोठा होतो, आणि त्याला काही द्यावयाचे असेल तेथे उशिरा.

या देशात वयाचा प्रश्न पहिल्यांदा पेटला तो आमच्याच मुंबई-पुण्यात. १८९१चा संमतिवयाचा कायदा मुलीचे वय दहावरून बारावर नेण्यापुरता होता. मलबारींनी तो लावून धरला, आगरकरांनी पाठिंबा दिला, टिळकांनी परकीय सरकारचा हस्तक्षेप म्हणून विरोध केला. त्या वादात दोन्ही बाजूंनी जे पानेच्या पाने लिहिले गेले त्यात जिच्या वयाचा प्रश्न होता तिचा आवाज अभावानेच ऐकू येतो. अपवाद रखमाबाईंचा. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने नांदावयास नकार दिला, तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली आणि विशीच्या उंबरठ्यावर असताना 'टाइम्स ऑफ इंडिया'त टोपणनावाने पत्रे लिहून आपले गाऱ्हाणे स्वतः मांडले. सव्वाशेहून अधिक वर्षांनीही आमची पद्धत बदललेली नाही: वयाची समिती बसते ती ज्येष्ठांची, साक्षी होतात तज्ज्ञांच्या, नोटीस निघते इंग्रजीत.

म्हणून माझी विनंती अशी आहे. सरकारकडून विचारणा येण्याची वाट न पाहता आयोगाने वयाच्या सर्व अटी एकाच अहवालात विचारात घ्याव्यात. प्रत्येक अटीमागचे कारण कायद्यातच लिहिलेले असावे आणि जेथे ते देता येत नाही तेथे अट काढून टाकावी, असे सुचवावे. माझे स्वतःचे मत विचाराल तर विवाहाचे वय दोघांसही अठरा असावे, विधानसभा व लोकसभेची उमेदवारी पंचायतीप्रमाणे एकविसाव्या वर्षी खुली व्हावी, आणि ज्या वर्षी सरकारने भरतीची जाहिरात काढली नाही ते वर्ष उमेदवाराच्या वयात धरू नये. पण माझे मत गौण आहे. मी सत्तरीकडे झुकलो आहे, आणि यांतील एकही अट आता मला लागू नाही.

विद्यमान आयोगाची मुदत ३१ ऑगस्ट २०२७ रोजी संपते. तेवढ्या अवधीत सोळा ते पंचवीस वर्षांच्या नागरिकांसाठी निदान एक जाहीर सुनावणी महाराष्ट्रात, तीही पुण्या-मुंबईऐवजी लातूर किंवा बीडसारख्या ठिकाणी, मराठीतून ठेवावी. तारीख कळविल्यास माझे विद्यार्थी आपली निवेदने घेऊन हजर राहतील. त्यांना वेळेवर आणण्याची जबाबदारी मी घेतो.



आपला विश्वासू,
एक निवृत्त वकील